धुऱ्यावरची रोजमेरी

अन्याय झाला तो एका रोजमेरीवर. ठिकाण अहेरी, सुमनबाईंच्या घरामागची वाडी. वेळ गेल्या वर्षीच्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारची, सकाळी सव्वादहाची. आदल्या रात्रीपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. अशा पावसात सुमनबाई एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात तांब्याचा लोटा घेऊन मागच्या दारातून उतरल्या, चिखलातून रोजमेरीपाशी गेल्या, छत्री नीट सावरली आणि लोटाभर पाणी तिच्या बुडाशी ओतलं. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. साक्ष द्यायला तयार आहे.

"सुमनबाई, पाऊस पडून राह्यला नं!" मी ओरडले.

"पाऊस त साऱ्यायसाठी पडते," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे तिच्या नावाचं हाये."

हे असं लिहिणं ही माझी जुनी खोड. कॉलेजात असताना आम्ही पत्रकं काढायचो. चंद्रपूरची हवा, रस्त्यासाठी कापलेली झाडं, नळाला न आलेलं पाणी. पत्रकाची पहिली ओळ ठरलेली: कोणावर, कुठे, केव्हा. शेवटची ओळही ठरलेली: आमची मागणी. मधल्या जागेत राग भरायचा. पुढे मी मूल रोडवरच्या दिवाकरभाऊंच्या नर्सरीत कामाला लागले आणि येताना राग बरोबर घेऊन आले. भाऊंना तो पहिल्या दिवशीच दिसला. "लीडर," ते म्हणाले, "घोषणा कमी दे, रेती चाळ." तेव्हापासून तिथे माझं नाव लीडर आणि माझं मुख्य काम रेती चाळणं.

नर्सरीतला जो कोपरा माझ्याकडे आहे, त्याला भाऊ 'परदेशी वार्ड' म्हणतात. रोजमेरी, लव्हेंडर, थाईम, ओरेगॅनो, सेज. ही सगळी भूमध्य समुद्राच्या काठची, खडकाळ डोंगरांवरची मंडळी. लोक एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकणारी, कमी पाण्यावर जगणारी झाडं म्हणून ती घेतात, आणि चंद्रपुरात 'कमी पाणी' हा शब्द ऐकला की माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो. घरी नेतात. उन्हाळा निघतो. पोळ्यापर्यंत झाड काळं पडतं. मग मला फोन येतो: "ताई, ऊन लागलं वाटते."

चंद्रपुरात काहीही मेलं की लोक उन्हावर संशय घेतात. ऊन बिचारं बदनाम आहे. आमचा मे महिना मी काही साधा म्हणणार नाही, चप्पल डांबराला चिकटते. पण या झाडांना मारतो तो मे नाही, मारतो ऑगस्ट. त्यांच्या मूळ गावी पाऊस येतो थंडीत आणि उन्हाळा असतो कोरडा. म्हणजे अंग गरम असेल तेव्हा पाय कोरडे, आणि पाय ओले होतील तेव्हा अंग थंड, असं त्यांचं वळण. आपल्याकडे ऊब आणि ओल एकदमच येतात. वरून दमट हवा, खाली चिकट काळी माती, मध्ये अडकलेलं झाड. मूळ सडतं. उपटून वास घेतला तर पावसात विसरलेल्या गोणपाटासारखा येतो. तो वास आला की पंचनामा संपला.

उपाय अवघड नाही, फक्त मनाला पटत नाही. निम्मी माती, निम्मी जाडी रेती आणि मुरूम. झाड खड्ड्यात लावायचं नाही, उंचवट्यावर लावायचं. शेणखत नाममात्र. बुडाशी पालापाचोळा नाही, खडे पसरायचे. दोन झाडांत वारा फिरेल एवढी जागा सोडायची आणि पावसाळ्याआधी गच्च फांद्या विरळ करायच्या. कुंडीखालची बशी फेकून द्यायची. आणि पाऊस सुरू झाला की पाण्याच्या झारीला कुलूप.

हे सगळं मी पत्रकात छापलं होतं. लाल शाईत. वर मथळा: 'जागे व्हा! पाणी घालणे थांबवा!' प्रत्येक रोपासोबत एक. भाऊंनी वाचून चष्मा काढला. "गिऱ्हाईक रोप घ्याले येते लीडर, क्रांती कराले नाई."

भाऊंचं म्हणणं एका निवृत्त इंजिनिअर साहेबांनी खरं केलं. नाव सांगत नाही, रोपांच्या आत्म्यांना त्रास होईल. साहेबांना मोबाईलवरच्या फोटोसारखी जांभळी लव्हेंडरची रांग हवी होती. त्यांनी ठिबक बसवलं, त्याला घड्याळ लावलं आणि घड्याळ पावसाळ्यातही इमानदारीने चालू ठेवलं. रांग सडली. मी त्यांना पत्रक दिलं आणि वर एक भाषण दिलं. साहेब शिस्तीचा माणूस. पुढची रांग होळीला लावली आणि त्या दिवसापासून एक थेंब घातला नाही. मेमध्ये फोन केला तर म्हणाले, "कडक अंमलबजावणी सुरू आहे." मी धावत गेले. रांगेचा झाडू झाला होता. कोवळ्या रोपाची मुळं खोल जाईपर्यंत त्याला पाणी लागतं, हे सांगायला माझ्या पत्रकात जागा उरली नव्हती. ती 'जागे व्हा'ने खाल्ली होती.

"एकदा बुडवून मारलं, एकदा वाळवून मारलं," भाऊ म्हणाले. "आता साहेबाले प्लास्टिकचं देऊन टाक."

लव्हेंडरबद्दल खरं तेही लिहून ठेवते, कारण विकताना आम्ही ते हळू आवाजात सांगतो. लव्हेंडर आपल्याकडे पाहुणी आहे. दिवाळीनंतर आणा, शिमग्यापर्यंत लाड करा, मग निरोप द्या. ती इथे नांदत नाही. रोजमेरी मात्र नांदते. हट्टी आहे, पण नांदते, जर सासरच्यांनी ऐकलं तर.

आणि इथेच सुमनबाई येतात.

नर्सरीचा नंबर शोधून त्यांच्या सुनेचा फोन आला होता. सेल्वी तिचं नाव. नर्स आहे, अहेरीकडच्या दवाखान्यात. माहेर निलगिरीच्या डोंगरात, कोटगिरीकडे. सुमनबाईंचा मुलगा तिच्याच दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसतो, खिडकीवरच जमलं. तिचं मराठी पेशंट लोकांकडून शिकलेलं, त्यामुळे अस्सल झाडीपट्टीचं आणि सगळं तपासणीच्या सुरातलं. फोनवर म्हणाली, "ताई, रोजमेरी हाये. पानं काळी पडून राह्यली. खालून सुरू झालं. चार दिवसांपासून हाये. तुम्ही येऊन पाहाल का?"

"पाणी किती घालता?"

ते टाळून ती एवढंच म्हणाली, "तुम्ही याच नं."

नंतर जे सांगितलं ते तपासणीच्या सुरात नव्हतं. तिच्या वडिलांचा उतारावर जमिनीचा एक तुकडा होता, त्यावर रोजमेरी. लग्न होऊन आली तेव्हा स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून फांद्या आणल्या. पहिल्या पावसाळ्यात गेल्या. पुन्हा आणल्या, पुन्हा गेल्या. हे तिसरं झाड. यंदा भावाने आईवडिलांना कोइमतूरला नेलं, तुकडा विकला. आता कोटगिरीला तिचं म्हणावं असं काही उरलेलं नाही. हे गेलं तर आणायला जागा नाही.

बाजारात रोजमेरी मिळते, आमच्याकडेही कुंड्या भरून आहे. पण ते मी तिला सांगितलं नाही. मी इतकीही लीडर नाही.

सोमवारी पहाटेच्या एसटीने निघाले. सोबत चाळलेली रेती आणि एक पोतं मुरूम. आष्टीच्या पुढे आमची गाडी सूरजागडच्या लोहखाणीकडच्या ट्रकांच्या रांगेमागे लागली ती लागलीच. कंडक्टरने पोत्याला पाय लावून पाहिला.

"काय हाये याच्यात?"

"मुरूम."

"चंद्रपूरहून अहेरीले मुरूम?" त्याने अख्ख्या गाडीला ऐकवलं. "ताई, खिडकीतून बाहेर पाहा. सारा रस्ता मुरमाचा हाये. आता वापस येताना आलापल्लीहून सागवान घेऊन जा, चंद्रपुरात मिळत नाई म्हणे."

गाडी हसली. मी बाहेर पाहिलं. दोन्ही कडेला मुरमाचे ढीग होते. मी पुढचं सगळं अंतर पोत्याकडे न बघता बसले.

अहेरीला पोचले, सुमनबाईंच्या मागच्या दारात उभी राहिले, आणि पुढचं तुम्ही वाचलंच आहे. छत्री, लोटा, तिच्या नावाचं पाणी.

जवळ जाऊन पाहिलं तर गुन्हा एक नव्हता. रोजमेरीभोवती हातभर रुंद गोल बांध घातलेला, वरून लिंपलेला. पावसाचा थेंब वाया जाऊ नये म्हणून. धानाची माणसं ही. पिढ्यान्‌पिढ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी अडवत आलेली. त्यांच्या हातात कुदळ दिली की ती आपोआप पाणी अडवते. आत घोटाभर पाणी, पाण्यावर शेणखत तरंगतंय, आणि मधोमध ती खडकावरची बाई कमरेइतक्या पाण्यात उभी.

"हे कोणी केलं?"

"मीच केलं. मस्त झालं नं?" सुमनबाईंना खरंच अभिमान वाटत होता. "सून ड्युटीवर असते. तिच्या माहेरचं झाड, कोणी त विचारलं पाह्यजे. आंघोळ झाली की पहिला लोटा तुळशीले, दुसरा इले."

मी भाषण सुरू केलं. भूमध्य समुद्र, थंडीतला पाऊस, मुळांचा श्वास, सगळं. सुमनबाई पायरीवर छत्री मिटून बसल्या आणि उपासाचे शेंगदाणे खात ऐकू लागल्या.

"तिकडे थंडीत पाऊस पडते?"

"हो."

"अन् उन्हाळ्यानंतर?"

"उन्हाळ्यानंतर थंडी, म्हणजे पाऊस."

"मंग रोवणी कधी करते लोक?"

"ते धान लावत नाहीत."

"धान नाई?" त्यांना त्या लोकांची मनापासून दया आली. "म्हणूनच झाड असं रोडकं हाये. पोरी, तू शिकली हायेस, पण पाण्याबिगर जगते असं एक झाड दाखव मले. भाषण नको देऊ. दाखव."

मला राग आला, आणि राग आला की मी बोट उगारते. ते बोट त्यांच्या वाडीच्या पलीकडे गेलं. तिथे त्यांचीच बांधी होती, धानाने भरलेली, पाण्याने चकाकणारी. आणि बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे उंच बांधावर, रांगेने तूर उभी होती. हिरवीगार, पाय कोरडे ठेवून.

"ती तूर तिथे वर काऊन लावली?" मी विचारलं. "खाली बांधीत एवढं पाणी आहे. तुरीला का उपाशी ठेवलंत?"

"खाली लावली त सडन नं..." सुमनबाई म्हणाल्या आणि शेंगदाणा तोंडाशी थांबला.

त्यांनी धुऱ्याकडे पाहिलं. मग रोजमेरीकडे. मग पुन्हा धुऱ्याकडे.

"अगं माय," त्या म्हणाल्या. "हे तुरीच्या जातीचं हाये?"

वनस्पतिशास्त्राने मला क्षमा करावी. मी म्हटलं, "हो. अगदी तुरीच्या जातीचं."

"मंग समुद्राचं कायले सांगत बसली इतका वेळ!"

मी जिंकले होते. पत्रकात याला 'आंदोलनाला यश' म्हणतात. पण तेवढ्यात सेल्वी ड्युटीवरून आली, रेनकोट गळत, आणि पायरीवरच थबकली. सुमनबाईंनी तिला धरून ताजी बातमी सांगितली: हे धुऱ्याचं झाड हाये, याले पाणी चालत नाई, ही पोरगी चंद्रपूरहून सांगाले आली.

सेल्वी म्हणाली, "हो आई."

नुसतं 'हो'. त्यात आश्चर्य नव्हतं. सुमनबाईंच्या ते लक्षात आलं, माझ्याही.

"तुले मालूम होतं?"

सेल्वीने मान खाली घातली. माहीत नसायला काय झालं? बापाच्या उतारावर वाढलेली मुलगी. तिथे पाऊस कमी नाही, पण पाणी थांबत नाही, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक.

"तीन झाडं गेली, म्हणजे दोन गेली अन् हे जाऊन राह्यलं," सुमनबाईंचा आवाज चढला. "मी रोज पाणी घालून राह्यली, तू रोज पाहून राह्यली. बोलली काऊन नाई? मी काय वाघीण हाव? खाऊन टाकलं असतं तुले?"

सेल्वी तिच्या त्या दवाखान्याच्या मराठीत, अडखळत म्हणाली, "आई, तुम्ही पाणी घालता तेव्हा तिच्याशी बोलता. सकाळी. मी झोपून असते नाईट करून, खिडकीतून ऐकू येते. 'काय वो पोरी, झोप झाली का, आमचा गाव गमते का तुले, मन लागते का,' असं विचारता. माह्याशी बोलताना तुम्हाले वाटते, हिले मराठी समजत नाई, म्हणून कमी बोलता. झाडाशी सारं बोलता. पाणी बंद करा म्हटलं असतं, त मंग तुम्ही तिथं गेलाच नसता."

पाऊस पडतच होता. कवेलूंवरून पाण्याच्या धारा गळत होत्या. सुमनबाई वळल्या. लोटा उचलला, आत गेल्या, भांड्यांचा विनाकारण आवाज केला, परत बाहेर आल्या आणि सुनेच्या डोक्यावर टॉवेल टाकला. "डोकं पूस आधी. सर्दी होईन." टॉवेल मात्र स्वतःच घासायला लागल्या, जरा जोरातच.

मी तिथे उभी होते आणि माझी पंचाईत झाली होती. पत्रकात एक बाजू अन्याय करणाऱ्याची असते. तिथे नाव लिहावं लागतं. मी आजवर कितीतरी लिहिली, हात कधी अडला नाही. इथे अडला. पाणी घालणारी प्रेमाने घालत होती आणि गप्प बसणारी त्याच प्रेमाची भुकेली होती. मधल्या मध्ये रोजमेरी सडत होती.

शेवटी मी जे येतं ते केलं. बांध फोडला. पाणी निघून गेलं. झाड उपटलं, वास घेतला, गोणपाट. मूळ गेलेलं होतं. सेल्वीने तो वास घेतला नाही, माझ्या तोंडाकडे पाहून समजली. मी म्हटलं, झाड गेलं, पण वरचे शेंडे हिरवे आहेत. फांद्या काढू. कोटगिरीच्याच आहेत, त्यांना तुकडा विकलेला माहीत नाही.

तिघी बसलो. सेल्वीने फांद्या कापल्या, कात्रीचा हात काय साफ तिचा, ड्रेसिंगचा असतो तसा. खालची पानं खुडली. सुमनबाईंनी फुटके कवेलू ठेचून मातीच्या कुंड्यांच्या तळाशी घातले. वर माझी रेती, आणि माझा चंद्रपूरचा मुरूम. सुमनबाईंनी मुरूम मुठीत घेऊन पाहिला. "हा कुठून आणला?" मी सांगितलं. त्या हसत सुटल्या. त्या सकाळी पहिल्यांदाच सेल्वीही हसली, म्हणून पोत्याचा अपमान मी माफ केला.

कुंड्या ओसरीच्या कडेला ठेवल्या, जिथे उजेड लागतो पण पागोळीचं पाणी नाही. मी शेवटची सूचना दिली: "पाणी नाही. हवेतच पुरे आहे."

सुमनबाईंनी हात पुढे करून दाखवला. "अन् हा हात सकाळी काय करन? सवय हाये याले."

पत्रकात हाताची सोय नसते. सेल्वी म्हणाली, "आई, लोटा तुळशीले पूर्ण घाला. रिकामा घेऊन इकडे या. बोलणं ऐकाले पाणी नाई लागत."

त्यातल्या निम्म्याहून अधिक फांद्या गेल्या, हे लिहायलाच हवं; आमच्या धंद्यात सगळं जगलं असं सांगणारा माणूस खोटा असतो. उरल्या त्या दसऱ्यानंतर धुऱ्यावर गेल्या, तुरीच्या रांगेत, बुडाशी मुरूम पसरून. मधूनमधून सेल्वीचा फोन यायचा. "पेशंट ठीक हाये. नवी पानं हायेत." उन्हाळ्यात विचारलं, "पाणी देऊ का?" मी म्हटलं, बोट मातीत घाल, आतपर्यंत कोरडं लागलं तर दे. सुमनबाईंनी मध्येच फोन घेतला: "तुरीच्या वरणात टाकून पाहिलं. औषधासारखं लागते. पण सून दोन वाट्या प्याली, म्हणून मी बी प्याली."

यंदा श्रावणात मुद्दाम गेले. पावसाळ्यात पाहिल्याशिवाय या झाडाचं काही खरं नसतं. पोतं नेलं नाही. कंडक्टर दुसरा होता, तरी नेलं नाही.

पाऊस तसाच. मी मागच्या दारात उभी राहिले. बांधी भरलेली, धुरा वर, तूर वर, आणि तुरीच्या मध्ये गुडघाभर रोजमेरी, टवटवीत, पाय कोरडे. सुमनबाई छत्री घेऊन धुऱ्यावर उभ्या होत्या, हातात रिकामा लोटा. बाजूला सेल्वी, त्याच छत्रीत, नाईट करून आलेली, डोळे चुरचुरत असतील तरी उभी.

"आमचा गाव गमते का तुले?" सुमनबाई विचारत होत्या.

"गमते," सेल्वी म्हणाली.

"तुले नाई विचारलं, झाडाले विचारलं."

"झाड बी गमते म्हणते."

मी परत आले आणि लाल शाईतलं पत्रक बदललं. भाऊंनी वाचून चष्मा काढला, पुसला आणि गठ्ठा रोपांशेजारी ठेवला. त्यात आता 'जागे व्हा' नाही. तुम्ही हे वाचताय त्या दिवसांत पाऊस संपलेला असेल, तुमच्या गॅलरीत, अंगणात, कुठेतरी एखादं परदेशी झाड तुमच्या प्रेमात बुडून उभं असेल, आणि सकाळी तुमच्या हातात भरलेला लोटा असेल. म्हणून आमची मागणी, एकच, आणि ती मागे घेतली जाणार नाही:

आधी बोट मातीत घाला. ओलं लागलं तर लोटा दुसरीकडे रिकामा करून या, आणि ज्याच्यासाठी तो भरला होता त्याच्याशी चार शब्द बोला. झाड असेल तर झाडाशी. सून असेल तर सुनेशी.